हिरवळीतील खळगा भरण्यापूर्वी जमीन का बसली ते पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : हिरवळीतील सखल जागा भरून तेथे पुन्हा गवत धरविण्याबाबत

पाऊस उघडला की मैदानांत, सार्वजनिक बागांत आणि घरापुढच्या हिरवळीतही ठिकठिकाणी पाणी साचून राहिलेले दिसते. त्यावर सर्रास एकच उपाय केला जातो. कोठून तरी माती आणायची, त्या खळग्यात ओतायची, वरून पायाने दाबायची आणि चार मुठी बी फेकून मोकळे व्हायचे. काही महिन्यांत तीच जागा पुन्हा बसते, भरावाखाली गाडले गेलेले जुने गवत कुजून जाते, नवे बी पाण्याबरोबर कडेला वाहून जाते आणि ‘या जागेत गवत धरतच नाही’ असा शिक्का त्या जागेवर बसतो. खळगा भरण्याची ही घाईच त्या जागेचे अधिक नुकसान करते, हे आपल्या वृत्तपत्राद्वारे वाचकांसमोर, विशेषतः सार्वजनिक हिरवळीची देखभाल करणाऱ्यांसमोर मांडावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या नेहमीच्या पाहण्यातील एका मैदानात नळ टाकण्यासाठी लांबलचक चर खणण्यात आला. काम उरकल्यावर खणलेली माती ढेकळांसकट एकाच दमात आत लोटली गेली आणि उरलेला ढीग शेजारच्या चांगल्या गवतावर पसरून टाकण्यात आला. पहिल्याच जोरदार पावसानंतर नळाची वाट जमिनीवर खळग्याच्या रूपाने स्पष्ट उमटली आणि ढिगाखालचे गवत पिवळे पडून गेले. हे टाळणे अवघड नव्हते. वरचे गवत मुळांसकट वेगळे काढून ठेवले असते, माती थराथराने भरून प्रत्येक थर धुमसाने चोपला असता आणि शेवटी तेच गवत परत बसवले असते, तर आज तेथे चर खणला होता हे शोधूनही सापडले नसते. खणलेली माती सुटी होऊन फुगते आणि तिच्यातील पोकळ्या पावसाच्या पाण्याने व स्वतःच्या वजनाने हळूहळू मिटत जातात, एवढी साधी गोष्ट चर बुजवताना विसरली जाते.

जमीन बसण्यामागे चराखेरीज इतरही कारणे असतात आणि कारणानुसार उपाय बदलतो, म्हणून भर घालण्यापूर्वी तेथे पहार किंवा खणती घालून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. झाड तोडल्यावर त्याचा बुंधा जमिनीतच राहिला असेल, तर तो वर्षानुवर्षे कुजत राहतो आणि वरची माती त्याच्या जागी खाली उतरत जाते. खणताना काळपट, ठिसूळ, बोटाने चुरा होणारे लाकूड हाती लागले, तर ते शक्य तितके उपसून काढल्याशिवाय भर घालण्यात अर्थ नाही. बांधकामाच्या वेळी पुरलेले विटांचे तुकडे, फळकुटे आणि सिमेंटच्या गोण्या यांचेही तसेच आहे. त्यांच्या फटींत माती झिरपत राहते. उंदीर-घुशींची बिळे असल्यास पहार एकाएकी ‘भस्कन’ खाली जाते. आणि आजूबाजूची जमीन कोरडी ठणठणीत असताना एखादी सखल जागा कायम ओली आणि तेथील गवत शेजारच्यापेक्षा अधिक हिरवेगार असेल, तर खालचा नळ गळत असल्याची शंका घ्यावी. अशा वेळी घरातील व आवारातील सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर काही वेळ पाहावा. काटा तरीही सरकत असेल, तर पाणी कोठेतरी मुरते आहे आणि आधी दुरुस्ती नळाची करायला हवी. जी जागा भरूनही वेगाने खचत राहते, विशेषतः शोषखड्डा किंवा मैल्याची टाकी जवळ असताना खचते, तेथे माती टाकत बसू नये आणि त्यावर चालूही नये. ते काम जाणकाराकडून तपासून घ्यावे.

वरीलपैकी काहीच आढळले नाही, तर बहुधा वर्दळीने माती दाबली गेलेली असते किंवा मूळचीच पातळी असमान असते. जमीन ओली असताना साधा पेचकस हाताने आत खुपसून पाहावा. शेजारच्या चांगल्या भागात तो सहज जातो आणि खळग्यात बोटभरही जात नाही, असे दिसले, तर नुसती पातळी वाढवून भागणार नाही, खालचा घट्ट थर काट्याच्या फावड्याने मोकळा करावा लागेल. निचऱ्याची परीक्षाही सोपी आहे. सुमारे ३० सेंटीमीटर खोल व तितकाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि मग पुन्हा भरून पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला दोन-तीन सेंटीमीटर पाणी उतरत असेल, तर जमीन ठीक आहे. दिवस उलटला तरी पाणी तसेच असेल, तर मुळांना हवा मिळत नाही आणि तेथे कितीही उत्तम बी टाकले तरी ते सडणार. असे पाणी आठवडाभराहून अधिक साचून राहिले, तर त्यात डासांची पैदासही पूर्ण होते, हे सार्वजनिक बागांच्या बाबतीत ध्यानात ठेवायला हवे.

खळग्याची खोली डोळ्यांनी ठरवू नये. दोन्ही कडांच्या चांगल्या पातळीवर खुंट्या ठोकून त्यांच्यामध्ये दोरी ताणून बांधावी आणि दर हातभर अंतरावर दोरीपासून जमिनीपर्यंतचे माप घ्यावे. इमारतीजवळच्या हिरवळीत पाणसळही लावावी, कारण तेथे जमीन सपाट असून चालत नाही. पाणी भिंतीपासून दूर जाण्यासाठी दर मीटरला निदान दोन सेंटीमीटर उतार हवा. पुष्कळदा खळगा भरण्याच्या नादात भिंतीकडे उतार तयार होतो आणि हिरवळीतले पाणी पायाकडे वळते.

खोली अडीच सेंटीमीटरच्या आत असेल, तर गवत उचलण्याची गरजच नाही. गवत नेहमीपेक्षा थोडे आखूड कापावे, खाली साचलेला वाळक्या काडीकचऱ्याचा थर दंताळ्याने ओढून काढावा आणि बारीक चाळलेली माती जास्तीत जास्त एक सेंटीमीटर जाडीची पसरून दंताळ्याच्या पाठीने किंवा खराट्याने पात्यांच्या खाली उतरवावी. पसरून झाल्यावर पात्यांची टोके मातीच्या वर दिसलीच पाहिजेत. ती दिसत नसतील, तर माती जास्त झाली आहे, ती तेव्हाच ओढून काढावी. गवत त्या थरातून वर आले, की दोन-तीन आठवड्यांनी पुढचा थर द्यावा. गवत जोमाने वाढण्याचा जो हंगाम असतो, त्यातच हे काम करावे. गवत निजलेले असताना घातलेला थर त्याला गुदमरवतो. या पद्धतीला वेळ लागतो, पण तिच्यात एकही दिवस जमीन उघडी पडत नाही, आणि म्हणून शक्य असेल तेथे मी हीच पद्धत सुचवीन.

खळगा पाच सेंटीमीटरहून खोल असेल, तर मात्र गवत उचलावेच लागते. आदल्या दिवशी त्या जागेला पाणी द्यावे, म्हणजे माती मुळांना धरून राहते. धारदार, सपाट पात्याच्या फावड्याने खळग्याच्या कडेबाहेर, चांगल्या पातळीपर्यंत जाऊन, साधारण ३० सेंटीमीटरचे चौकोन आखून सरळ उभे काप घ्यावेत. मग फावडे जवळजवळ आडवे धरून चार ते पाच सेंटीमीटर खोलीवरून चौकोन सोडवावा. कापलेल्या कडेकडे नीट पाहिले तर काम बरोबर झाले की नाही ते तेथेच कळते. वर हिरवी पाती, त्याखाली तपकिरी काडीचा पातळ पट्टा, त्याखाली मातीत विणल्या गेलेल्या पांढऱ्या मुळ्या, असा तुकडा हातात उचलला तरी एकसंध राहतो. तो मधूनच तुटत असेल, तर काप उथळ गेला आहे. हे तुकडे सावलीत, ओल्या गोणपाटावर, गवताची बाजू वर ठेवून एकेरी मांडावेत. एकावर एक रचून ठेवल्यास आतल्या आत ऊब धरते आणि गवत काही तासांत पिवळे पडू लागते. ते त्याच दिवशी परत बसवता येईल, इतकेच काम एका वेळी हाती घ्यावे.

गवत निघाल्यावर खालची जमीन दहा सेंटीमीटरपर्यंत खणून मोकळी करावी, म्हणजे जुना आणि नवा थर एकमेकांत मिसळतात. त्यानंतर भर घालायची ती कोणत्या मातीची, याबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि त्यांतला वाळूचा गैरसमज फारच पक्का आहे. वाळूने निचरा होतो, म्हणून चिकणमातीतल्या खळग्यात नुसती वाळू भरली जाते. प्रत्यक्षात पाणी वाळूतून झरझर खाली उतरते आणि चिकणमातीपाशी अडून तेथेच साठते. खळग्याचे रूपांतर जमिनीखालच्या डबक्यात होते. याच्या उलट, वाळूच्या किंवा खडीच्या जाड थरावर बारीक माती पसरली, तर ती माती पाण्याने जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत पाणी खालच्या जाड थरात उतरतच नाही, कारण बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात. म्हणजे दोन्ही बाबतींत अडचण वाळूच्या चांगल्या-वाईटपणाची नसून दोन वेगळ्या पोतांच्या सीमेची आहे. थोडी वाळू चिकणमातीत मिसळणे हाही उपाय नव्हे. त्याने माती सुटी होण्याऐवजी वाळल्यावर अधिकच टणक होते.

दुसरे टोक म्हणजे नुसते शेणखत किंवा कंपोस्ट भरणे. सुरुवातीला गवत जोरात वाढते, परंतु सेंद्रिय पदार्थ कुजून आकसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खळगा होता तसा परत येतो. विटांचे तुकडे आणि राडारोडा भरून वर बोटभर माती पसरली, तर पाऊस संपताच तेवढाच भाग आधी करपतो, कारण मुळांना खाली जायला जागा नसते आणि ओलावा टिकत नाही. म्हणून शेजारच्या जमिनीशी जास्तीत जास्त जुळणारी माती घ्यावी आणि चांगले कुजलेले खत फक्त वरच्या थरात, फार तर पाचवा हिस्सा मिसळावे. माती जुळते की नाही हे पाहण्यासाठी दोन सारख्या काचेच्या बरण्या पुरतात. एकीत जागेवरची आणि दुसरीत आणलेली माती तिसऱ्या हिश्शापर्यंत भरून, वर पाणी ओतून दोन्ही खूप हलवाव्यात आणि ठेवून द्याव्यात. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा पुढच्या काही तासांत बसतो आणि चिकण कणांमुळे पाणी दिवसभर गढूळ राहू शकते. दोन्ही बरण्यांतील थर साधारण सारखे दिसले की निर्धास्त व्हावे.

किती माती लागेल, याचा हिशेब आधी केल्यास अर्धवट भरलेला खळगा आठवडाभर उघडा पडून राहात नाही. मध्यभागी दहा सेंटीमीटर खोल आणि कडांना शून्यावर येणाऱ्या बशीसारख्या खळग्याची सरासरी खोली सुमारे निम्मी, म्हणजे पाच सेंटीमीटर धरता येते. त्याचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर असेल, तर ०.१५ घनमीटर, म्हणजेच १५० लिटर माती हवी. दहा लिटरच्या बादलीने मोजल्यास पंधरा बादल्या. सुटी माती चोपल्यावर बसते, म्हणून त्यात पाचवा हिस्सा वाढवून अठरा बादल्या आणाव्यात.

भर घालताना माती वाफशावर असावी. मुठीत दाबल्यावर तिचा गोळा व्हावा आणि बोटाने ढोसताच तो फुटावा. चिखलात काम केले तर माती लादीसारखी घट्ट होते आणि खालचा मोकळा केलेला थर पुन्हा दाबला जातो. आठ-दहा सेंटीमीटरचा एकेक थर पसरून पायाने किंवा धुमसाने हलकेच दाबावा. खळगा वीतभर खोल असेल, तर मध्ये एकदा भरपूर पाणी देऊन काही दिवस थांबणे श्रेयस्कर. अशा वेळी उचललेले गवत तात्पुरते दुसऱ्या मोकळ्या मातीवर बसवून जगवावे. शेवटची पातळी, म्हणजे वर गवताचे तुकडे परत बसवल्यानंतरची, भोवतालच्या जमिनीपेक्षा एक-दोन सेंटीमीटर उंच ठेवावी. हा फुगवटा काही आठवडे डोळ्यांना खटकतो, पण तो ठेवला नाही तर उथळ खळगा हमखास उरतो. येथे जड रोलर फिरवण्याचा मोह टाळावा. रोलरने उंचवटे खाली जात नाहीत, सगळीच माती दाबली जाते आणि पाणी मुरण्याचे मार्ग बंद होतात.

गवताचे तुकडे परत बसवताना ते एकमेकांना अगदी भिडवावेत, सांध्यांत बारीक माती भरावी आणि वर फळी ठेवून तिच्यावर उभे राहावे, म्हणजे मुळे खालच्या मातीला टेकतात. खाली हवेची पोकळी राहिली, तर तेवढा तुकडा वाळतो. पहिले दोन आठवडे तुकड्याखालची माती ओली राहील असे पाणी द्यावे. तुकड्याचा कोपरा हलकेच वर ओढून पाहावा. तो खेचूनही सुटत नसेल, तर मुळ्या उतरल्या आहेत.

जुने गवत वाचलेच नसेल, तर नवे लावावे लागते आणि तेथे शेजारचे गवत कोणते आहे हे आधी ओळखावे. हरळी म्हणजेच दूर्वा जमिनीवरून आणि जमिनीखालून धावते, पेरापेराला मुळ्या टाकते आणि हातभर जागा उन्हाळी हंगामात आपणहून झाकून टाकते. म्हणून तिच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या वीतभर अंतरावर, निम्म्या मातीत गाडून लावणे हा खात्रीचा मार्ग आहे. हरळीच्या काही संकरित जातींना उगवणारे बी येतच नाही, त्या अशाच लावाव्या लागतात. थंड प्रदेशांतले उंच फेस्क्यू किंवा राय हे गवत मात्र ठोंबाने वाढते, ते रिकामी जागा स्वतः भरून काढत नाही, तेव्हा तेथे बी टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. उष्ण हवामानातले गवत हवा तापू लागल्यावर आणि थंड हवामानातले उन्हाळा ओसरताच लावावे. झाडाच्या दाट सावलीत हरळी लावण्याचा अट्टहास करू नये, तिला दिवसाचे बरेच तास थेट ऊन लागते.

बी टाकण्यापूर्वी वरची दोन सेंटीमीटर माती दंताळ्याने भुरभुरीत करावी. हरळीला चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम बी पुरते, उंच फेस्क्यूला तीस ते चाळीस ग्रॅम लागते, कारण त्याचे दाणे कितीतरी मोठे असतात. ठरलेल्या बियाचे दोन भाग करून एक उभा आणि दुसरा आडवा फेकला, की मधे भगदाडे राहात नाहीत. त्यावर अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त माती नको. बारीक बी खोल गेले तर वर येण्याआधीच त्याची शिदोरी संपते. वर तणसाचा विरळ थर अंथरावा, इतका विरळ की खालची माती मधूनमधून दिसावी. राय पाच ते दहा दिवसांत उगवते, हरळीला उबदार मातीत दीड ते तीन आठवडे लागतात आणि केंटकी ब्ल्यूग्रासला महिनाही लागू शकतो. हा फरक माहीत नसल्याने अनेक जण आठव्या दिवशी धीर सोडून पाणी बंद करतात आणि नेमके कोंब फुटलेले बी वाळून मरते. आणखी एक गोष्ट म्हणजे, तण उगवूच नये म्हणून मातीवर फवारली जाणारी औषधे गवताचे बीही उगवू देत नाहीत. अलीकडेच ती वापरली असतील, तर वेष्टनावर सांगितलेला काळ जाऊ द्यावा.

उगवेपर्यंत झारीने दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी द्यावे, वरचा थर कधीही पूर्ण वाळू देऊ नये. रोपे बोटभर झाली की पाण्याच्या वेळा कमी आणि प्रमाण जास्त करावे, म्हणजे मुळ्या खाली जातात. पुढे आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, पावसासह धरून सामान्यतः पुरते. पहिली कापणी गवत ठरलेल्या उंचीहून तिसऱ्या हिश्शाने वाढल्यावर, धारदार पात्याने आणि जमीन कोरडी असताना करावी. सहा आठवडे तरी त्यावर खेळ आणि वाहने नकोत.

झाडांच्या बुंध्याभोवतीचे खळगे मात्र या सर्वाला अपवाद आहेत. झाडाच्या श्वसन करणाऱ्या मुळ्यांचा बराचसा भाग वरच्या मातीतच असतो. त्यावर दहा-पंधरा सेंटीमीटर भर घालून बुंधा गाडला, तर हिरवळ सपाट होते, पण झाड काही वर्षांत खंगत जाते. तेथे पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन ठेवून खळगा राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी दोन विनंत्या. सार्वजनिक मैदानांत आणि बागांत नळ किंवा तारा टाकण्याची परवानगी देणाऱ्यांनी, वरचे गवत व वरची माती वेगळी काढून ठेवणे, थराथराने चोपून भरणे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा येऊन बसलेली जागा भरून देणे, या तीन अटी कामाच्या करारातच लेखी घालाव्यात आणि त्या पूर्ण झाल्याचे पाहिल्याखेरीज काम संपल्याचा दाखला देऊ नये. आणि आपल्या वृत्तपत्रातील बागकामाच्या मजकुरात फुलझाडांइतकीच जागा माती आणि निचरा यांनाही द्यावी.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक